मोगरा नुसताच पानांनी भरलाय

प्रश्न : फेब्रुवारी संपत आला. गच्चीवरच्या १२ इंची कुंडीतला मोगरा हिरवागार आहे, पण गेल्या उन्हाळ्यात जेमतेम ४ फुलं आली. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आजच कात्री घ्या. मोगऱ्याला कळ्या धरतात त्या नव्या फुटीवर. म्हणून प्रत्येक फांदी वरून तिसरा हिस्सा छाटा, उरलेली पानंही खुडून टाका. हात धजत नाही, ठाऊक आहे. पहिल्या वर्षी माझाही थरथरला होता. मग कडेकडेनं दोन बोटं माती उकरा. पांढरी मुळं दिसली की थांबा, दोन मुठी कुजलेलं शेणखत घाला. युरिया अजिबात नको, त्यानं नुसती पानं माजतात. कुंडी भरपूर उन्हात ठेवा. पेरांतून पोपटी कोंब डोकावले की पाणी वाढवा.