ड्राइव्हमधली फाइल काढली तरी परत येते आणि डिफेंडर पुन्हा ओरडतो

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मंडळाच्या नाटकाची संहिता, पार्श्वसंगीत, नेपथ्याचे फोटो, बॅनर, सगळं गूगल ड्राइव्हच्या एका सामायिक फोल्डरमध्ये आहे. तो फोल्डर गोव्यातल्या साखळी गावी तुमच्या लॅपटॉपवर सिंक होतो, म्हणजे क्लाउडमधल्या फाइली आपोआप तिथे उतरतात, आणि विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर त्यातल्या एकाच फाइलवर रोज लाल सूचना देतो. तुम्ही ‘रिमूव्ह’ करता, दुसऱ्या दिवशी फाइल परत हजर. फोंडा आणि म्हापशाच्या सभासदांना मात्र काहीच दिसत नाही. कला अकादमीची स्पर्धा तोंडावर आहे आणि दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारूया.

फॉरमॅट अजिबात मारू नका. फाइल तुमच्या लॅपटॉपवर जन्माला येत नाही, ती क्लाउडमधून उतरते. विंडोज नवं टाकलं तरी ड्राइव्हमध्ये लॉगिन केल्याबरोबर तीच फाइल पुन्हा येणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बाकीच्यांना सूचना येत नाही म्हणून ‘तुमचाच लॅपटॉप खराब’ असा निष्कर्ष मंडळींनी काढलेला दिसतो. तो चुकीचा आहे. संगणकावरच्या ड्राइव्हला दोन पद्धती असतात, स्ट्रीम आणि मिरर. स्ट्रीममध्ये फाइलचं फक्त नाव दिसतं, मजकूर क्लाउडमध्येच राहतो आणि उघडल्यावर खाली येतो. जी फाइल डिस्कवर आलेलीच नाही ती अँटीव्हायरस तपासणार तरी कशी? मिररमध्ये सगळंच्या सगळं डिस्कवर उतरतं. तुमचं बहुधा मिरर आहे, त्यांचं स्ट्रीम. फाइल सगळ्यांच्याच फोल्डरमध्ये आहे, तुमच्याकडे ती तपासली गेली एवढंच. वनड्राइव्हमध्येही हाच प्रकार असतो, निळ्या ढगाची खूण असलेल्या फाइली डिस्कवर नसतात.

आता ती परत का येते ते. डिफेंडर तुमच्या डिस्कवरची प्रत क्वारंटाइनमध्ये टाकतो, म्हणजे वेगळी बंद करून ठेवतो, क्लाउडमधल्या प्रतीला तो हातही लावत नाही. ड्राइव्हच्या प्रोग्रामला दिसतं की इथली एक फाइल गायब आहे. मग कधी तो ती पुन्हा खाली आणतो, तर कधी तुम्हीच डिलीट केली असं समजून सामायिक फोल्डरमधूनही काढतो. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण अँटीव्हायरसचा अंदाज चुकलेला असेल तर चांगली फाइल सगळ्यांकडूनच जाते. म्हणून ‘रिमूव्ह’ किंवा ‘अलाउ’ यातलं काहीही दाबण्याआधी सिंक थांबवा. घड्याळाजवळचं ड्राइव्हचं चिन्ह, त्यात दातेरी चाक, त्यात ‘पॉज सिंकिंग’.

मग विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा आणि त्या सूचनेचा तपशील नीट वाचा. पाहायच्या गोष्टी दोनच, धोक्याचं नाव आणि फाइलचा पत्ता. बहुतेक लोक हे न वाचताच स्क्रीनशॉट टाकून ‘आता काय करू’ विचारतात, आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमका तोच भाग कापलेला असतो.

नावात ‘हॅकटूल’, ‘कीजेन’ किंवा ‘ऑटोकेएमएस’ असेल तर ते क्रॅक आहे, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरवाट. नाटकाच्या फोल्डरमध्ये क्रॅक कुठून आलं म्हणाल, तर पहिला संशय माझा पार्श्वसंगीताच्या झिपवर. आवाज एडिट करायचं महागडं सॉफ्टवेअर कुणीतरी फुकटात मिळवलेलं असतं आणि संगीताबरोबर त्याचा इन्स्टॉलरही झिपमध्ये बांधून चढवतो, ‘असूदे, कुणाला लागलं तर’. त्यावर ठरलेलं उत्तर येतं की क्रॅकवर अँटीव्हायरस ओरडतोच, लक्ष देऊ नका. ओरडतो हे खरं. पण क्रॅकच्या आत आणखी काय भरलंय ते ज्याने दिलं त्यालाही ठाऊक नसतं. अशी फाइल सरळ काढायची, चर्चा नको.

नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि ‘एमएल’ असेल, उदाहरणार्थ ‘वाकाटॅक’ नावाचा तो ट्रोजन (साळसूद फाइलीच्या रूपात येणारा व्हायरस), तर गोष्ट वेगळी. एमएल म्हणजे मशीन लर्निंग. फाइल ओळखीच्या व्हायरसशी जुळली असं नाही, तिच्या घडणीवरून संशय आला आहे. तो खराही असतो, पण खोट्या गजराची शक्यता इथे जास्त. मराठी टायपिंगची जुनी साधनं यात पुष्कळदा सापडतात. कळ दाबली की मधेच पकडून तिच्या जागी मराठी अक्षर टाकायचं, हे त्यांचं कामच तसं आहे, आणि पासवर्ड चोरणारे कीलॉगरही कळा अशाच मधे पकडतात. संहिता जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि कुणी फॉन्टबरोबर कीबोर्डचा प्रोग्रामही फोल्डरमध्ये ठेवला असेल, तर तो तपासा. संहिता एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठेही वाचता येईल अशी, करून घ्या, सुंठीवाचून खोकला जाईल.

आता पत्ता. त्यात बाणाची खूण असेल तर बाणाच्या डावीकडे झिप आणि उजवीकडे तिच्या आतली दोषी फाइल. म्हणजे बाकीची गाणी निर्दोष असू शकतात, अख्खी झिप फेकायची गरज नाही. पत्त्यात ‘ड्राइव्हएफएस’ आणि ‘कंटेंट कॅश’ असे शब्द व पुढे नुसते आकडे असतील तर घाबरू नका, ती ड्राइव्हची तात्पुरती साठवण आहे. फक्त तिथे फाइलचं खरं नाव कळत नाही, त्यामुळे सूचनेची वेळ पाहून त्या सुमारास काय उघडलं होतं ते आठवावं लागतं.

एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’खाली फाइलची एक्स्टेन्शन्स (नावामागचा प्रकार सांगणारा तुकडा) दिसतील असंही करून घ्या. ‘स्मरणिका डॉट पीडीएफ’ वाटणारी फाइल प्रत्यक्षात ‘स्मरणिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’, म्हणजे चालणारा प्रोग्राम, निघाली तर पुढे विचार करायलाच नको. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरच्या चिन्हाआड लपलेली ईएक्सई हा तर नेहमीचा पाहुणा.

शंका राहिली तर व्हायरसटोटल ही वेबसाइट वापरा. तिथे एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस इंजिनं तपासतात. पण खाजगी काही असेल तर फाइल चढवू नका, कारण चढवलेली फाइल इतर संस्थांनाही पाहता येते. सभासदांची आधार कार्डं असलेली झिप तिथे टाकणं म्हणजे स्वतःहून चव्हाट्यावर मांडणं. त्याऐवजी सेव्हन-झिप या प्रोग्रामने राइट क्लिक करून फाइलचा एसएचए-२५६ काढा. तो ६४ अक्षरांचा ठसा व्हायरसटोटलच्या शोधात टाका, आधी कुणी तपासली असेल तर निकाल लगेच दिसेल. एकदोन अनोळखी इंजिनंच ओरडत असतील तर बहुधा खोटा गजर. नामांकित पाचदहा एकमुखाने सांगत असतील तर ऐका.

काढायची ठरली की ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून काढा, डिस्कवरून नाही. फाइल निवडून माहितीच्या खुणेत ‘ॲक्टिव्हिटी’ पाहा, कुणी चढवली ते कळेल. तुम्ही फाइलच्या मालक नसाल तर तुमच्या काढण्याने ती फक्त फोल्डरमधून जाते, मालकाच्या ड्राइव्हमध्ये तशीच राहते. म्हणून ज्याची फाइल त्यानेच काढायची आणि ट्रॅशही रिकामा करायचा, नाहीतर तिथे ती ३० दिवस पडून असते. मग तुमच्याकडे डिफेंडरची एक फुल स्कॅन आणि त्यानंतर सिंक सुरू.

खरी तपासणी मात्र चढवणाऱ्याच्या संगणकाची व्हायला हवी. त्यांच्याकडे डिफेंडरची ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटांत होते. दुसरा अँटीव्हायरस असेल तर डिफेंडर आपोआप बाजूला होतो, तेव्हा त्या अँटीव्हायरसचीच पूर्ण स्कॅन घ्या. हे त्यांना सांगणं अवघड जाईल, विशेषतः ते दिग्दर्शक असतील तर.

ग्रुपवर कुणीतरी तुम्हाला ‘अख्खा फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये टाका’ असा सल्ला दिलाय. तो मानू नका. पाचसात जणांना लिहायची मुभा असलेला फोल्डर तपासणीतून वगळला की उद्या कुणाच्याही पेनड्राइव्हवरचं काहीही तुमच्याकडे बिनबोभाट उतरेल. खोटा गजर आहे याची खात्री झालीच तर तेवढी एकच फाइल ‘अलाउ’ करा. ‘ड्राइव्ह स्वतःच स्कॅन करतं’ यावरही विसंबू नका. गूगल १०० एमबीपेक्षा मोठ्या फाइली तपासत नाही, आणि पासवर्ड लावलेली झिप आतून कुणालाच दिसत नाही.

एक अपवाद. फाइलींची नावं भराभर बदलत असतील, सगळ्यांना एकच विचित्र शेपूट लागत असेल, तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. तेव्हा वाचत बसू नका, वायफाय बंद करा आणि बाकीच्यांनाही फोन करून सिंक थांबवायला सांगा. ड्राइव्हमध्ये अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस मिळतात, त्यातून बरंच परत येतं.

प्रयोगाचं म्हणाल तर संगीताच्या फाइली त्या लॅपटॉपच्या डिस्कवर सिंकच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, आणि प्रयोगाच्या दिवशी ड्राइव्हमधून ‘क्विट’ करा. अँटीव्हायरस बंद करायची गरज नाही, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं की सूचनेचा टिंग आवाज प्रसंगाच्या मधे येणार नाही. धोक्याचं नाव आणि पूर्ण पत्ता इथे लिहा, मग नेमकी कुठली फाइल ते पाहू.