जारज, जरायुज की अपरायुक्त?

एका भाषांतरकाराने विचारलेला प्रश्न असा आहे: ‘प्राण्यांविषयीच्या एका पुस्तिकेत “प्लॅसेंटल मॅमल्स” (ज्यांचा गर्भ आईच्या पोटात वारेवर, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणाऱ्या अवयवावर, वाढतो ते सस्तन प्राणी) हा शब्द वारंवार येतो. घोडा, गाय, कुत्रा, वटवाघूळ, देवमासा, हत्ती हे सगळे त्यात मोडतात. जुन्या मराठीतला “जारज” हा शब्द त्यासाठी वापरता येईल का? “अपरास्तनी” असाही शब्द वाचनात आला, पण तो कानाला खटकतो. शिवाय मूळ शब्द “सस्तन” लिहावा की “सस्तनी”?’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे असल्याने ते आधी देतो. ‘सस्तन’ हा बहुव्रीही समास आहे. ‘स्तनांसह असलेला’ हा अर्थ त्यात पुरा झालेला आहे. ‘सशस्त्र’चे आपण ‘सशस्त्री’ करत नाही, तसेच ‘सस्तन’ला पुन्हा ‘ई’ लावण्याचे कारण नाही. ‘स्तनी’ हा शब्द मात्र निर्दोष आहे, कारण तेथे ‘असलेला’ हा अर्थ त्या ‘ई’मधूनच येतो. थोडक्यात, ‘सस्तन’ लिहा किंवा ‘स्तनी’ लिहा; दोन्हींची मोट बांधू नका. एक गंमत म्हणून सांगायचे तर प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याच्या मादीला स्तनाग्रेच नसतात, दूध पोटावरच्या त्वचेतून पाझरते आणि पिल्ले ते चाटून घेतात. म्हणजे शब्द काटेकोरपणे घ्यायचा तर तो ‘सस्तन’ ठरणे अवघडच आहे. हा दोष आपला नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली आपल्या प्राणिवर्गीकरणाच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत या वर्गाला नाव देताना स्तन हीच खूण निवडली आणि आपण तिचेच मराठी केले. त्याच आवृत्तीत त्याने देवमाशांना माशांतून काढून या वर्गात आणले; मराठीने मात्र त्यांना ‘मासा’च ठेवले आणि त्यात काही बिघडले असे मला वाटत नाही.

आता ‘जारज’. हा शब्द जुना आहे यात शंका नाही. जीवसृष्टीच्या चार खाणी सांगताना संतवाङ्मयात ‘जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज’ अशी मालिका येते. त्यातला ‘जार’ म्हणजे संस्कृत ‘जरायु’, अर्थात गर्भाभोवतीचे वेष्टन. ऐतरेय उपनिषदात ‘अण्डजानि च जारुजानि च स्वेदजानि चोद्भिज्जानि च’ अशी ही चौकडी आढळते. तेथले ‘जारुज’ हे रूप आपल्या ‘जारज’च्या किती जवळचे आहे ते पाहण्यासारखे आहे. गोठ्यातल्या मराठीत हा शब्द अजून जिवंत आहे: गाय व्याल्यानंतर ‘जार पडणे’, तो वेळेवर न पडल्यास ‘जार अडकणे’. काही भागांत त्याचाच उच्चार ‘झार’ असा होतो.

एवढे सगळे अनुकूल असूनही मी हा शब्द सुचवणार नाही, आणि त्याचे कारण शास्त्रीय नसून निव्वळ भाषिक आहे. संस्कृतात आणि मराठीत ‘जार’ हा दुसराही एक शब्द आहे, ज्याचा अर्थ परस्त्रीशी संबंध ठेवणारा पुरुष. ‘जारकर्म’, ‘जारिणी’ हे शब्द त्याचेच. त्यामुळे ‘जारज’ म्हणजे अनौरस संतती हा अर्थ कोशांतही आहे आणि वाचकाच्या मनातही. चार खाणींच्या मालिकेत शेजारी ‘अंडज’ उभा असतो म्हणून गैरसमज होत नाही. पण ‘घोडा हा जारज प्राणी आहे’ असे सुटे वाक्य छापले, तर वाचक आधी दचकेल आणि मग हसेल. शेजारच्या शब्दांच्या आधारावाचून उभा राहू न शकणारा शब्द परिभाषेसाठी निवडू नये.

मग अवघे मूळ रूप ‘जरायुज’ का घेऊ नये? येथे मामला अधिक गुंतागुंतीचा आणि माझ्या दृष्टीने अधिक रंजक आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात जरायुजांची यादी दिली आहे: पशु, मृग, दोन्ही जबड्यांत दात असलेले व्याल (हिंस्र श्वापदे), राक्षस, पिशाच आणि मनुष्य. राक्षस आणि पिशाच यांची वार कोणी पाहिली होती हा प्रश्न बाजूला ठेवू. ‘दोन्ही जबड्यांत दात असलेले’ हे विशेषण मात्र गोठ्यात उभे राहून केलेले निरीक्षण आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेथे एक कठीण गादी असते आणि गवत जिभेने किंवा ओठांनी ओढून त्या गादीवर खालच्या दातांनी दाबून तोडले जाते. घोडा, कुत्रा, वाघ यांना वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असतात. दातांवरून प्राण्यांचे गट पाडण्याची पद्धत पुढे प्राणिशास्त्रातही महत्त्वाची ठरली.

त्याच यादीतली ‘पशु’ आणि ‘मृग’ ही जोडी तर आपल्या विषयाचा गाभाच आहे. ‘पशु’ म्हणजे मुळात पाळलेले जनावर; परंपरेने त्याचा संबंध ‘पाश’ या शब्दाशी जोडला आहे आणि लॅटिनमधला गुराढोरांसाठीचा ‘पेकुस’ हा शब्द त्याचाच भाऊबंद मानतात. ‘मृग’ म्हणजे मोकळे हिंडणारे, शिकारीचे कोणतेही जनावर. म्हणूनच शिकारीला ‘मृगया’, सिंहाला ‘मृगेंद्र’ आणि माकडाला ‘शाखामृग’ म्हणत. पुढे मृग आक्रसत हरणापुरता उरला आणि पशु उलट पसरून वन्य पशूंनाही आपल्यात घेऊन बसला. आजच्या मराठीत ‘हिंस्र पशू’ म्हणताना आपण मूळ अर्थाच्या नेमके विरुद्ध टोकाला असतो, याची आपल्याला जाणीवही नसते. ‘जनावर’ या फारसीतून आलेल्या शब्दाचा प्रवासही असाच वाकडा आहे. मुळात अर्थ नुसता ‘जीव असलेले’ एवढाच. मराठीत ‘जनावरे’ म्हणजे गुरे, आणि रात्री कोणी ‘जनावर दिसले’ म्हणाला तर तो बहुधा सापाबद्दल बोलत असतो.

‘जरायुज’कडे परत येऊ. या शब्दाची अडचण अशी की ‘जरायु’चा अर्थ एकच एक नाही. तो गर्भावरचे आवरण दाखवतो, सापाची कात दाखवतो, आणि अमरकोशात तर तो गर्भाशयाच्या अर्थाने आला आहे. म्हणजे ‘जरायुज’चा व्यवहारातला अर्थ ‘अंड्यातून न जन्मता थेट पिल्लू म्हणून जन्मणारा’ असा होतो. या अर्थाने कांगारूही जरायुज आहे, आणि घोणस अंडी न घालता जिवंत पिल्ले देते म्हणून तीही जरायुज म्हणावी लागेल. आपल्याला हवा असलेला गट याहून बराच लहान आहे. जो शब्द जन्माची रीत सांगतो तो ‘प्लॅसेंटल’साठी पुरत नाही, येथे गर्भाचे पोषण करणारा तो विशिष्ट अवयव नावात दिसायला हवा. आधीच ‘पिल्ले घालणारे’ या अर्थी रुळू शकणारा शब्द अधिक अरुंद अर्थात कोंबला, तर उद्या त्या व्यापक अर्थासाठी नवा शब्द शोधत बसावे लागेल.

त्या अवयवाला रोजच्या मराठीत ‘वार’ म्हणतात, आणि हा शब्द माणूस व जनावर दोघांनाही चालतो. नाळ वेगळी: ती वारेला पिल्लाशी जोडणारी दोरी. छापील मजकुरातही या दोन शब्दांची गल्लत होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. परदेशी शब्दाची कथा अशी की १५५९ साली इटालियन शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो याने या अवयवाला लॅटिनमधले ‘प्लॅसेंटा’, म्हणजे चपटी पोळीवजा मिठाई, हे नाव दिले. माणसाच्या बाबतीत ती उपमा फिट्ट बसते, कारण आपली वार गोल चकतीसारखी असते. पण सगळ्या सस्तनांची तशी नसते. कुत्री आणि मांजरी यांच्यात ती गर्भाभोवती कमरपट्ट्यासारखी वेढलेली असते. घोडीत ती गर्भाशयाच्या जवळजवळ संपूर्ण आतल्या पृष्ठभागावर पसरते. गाईत ती शंभराच्या आसपास बटणांसारख्या उंचवट्यांनी गर्भाशयाला जोडलेली असते, जणू अंगरख्याला जागोजागी गुंड्या लावाव्यात. गाईचा जार अडकण्याची तक्रार एवढी नेहमीची का, हे या रचनेवरून सहज कळते: प्रत्येक गुंडी सुटल्याखेरीज तो मोकळा होत नाही. तो बहुधा १२ तासांच्या आत पडतो, तर घोडीची वार ३ तासांत पडली नाही तरी पशुवैद्य काळजीत पडतो. लॅटिन शब्द माणसाच्या चकतीवरून पडला आणि मग गाय, घोडी, कुत्री सगळ्यांवर लादला गेला. ‘वार’ आणि ‘जार’ हे शब्द कोणताही आकार गृहीत धरत नाहीत, ही त्यांची जमेची बाजू.

मात्र ‘वार’पासून विशेषण करायला गेले की पंचाईत होते. ‘तो वार’ म्हणजे सोमवार-मंगळवारातला, घाव या अर्थाचा किंवा कापड मोजायचा. ‘ती वार’ म्हणजे हा अवयव. लिंगावरून आणि ‘वाराचा’ व ‘वारेचा’ अशा रूपांवरून वाक्यात फरक कळतो, परंतु समासात लिंग लपते. ‘वारयुक्त प्राणी’ वाचून पंचांगाची आठवण झाली तर दोष वाचकाचा नाही. म्हणून समासापुरते ‘अपरा’कडे जावे असे माझे मत आहे. आयुर्वेदात वारेला ‘अपरा’ हाच शब्द आहे. मागाहून बाहेर येणारी, हा त्याचा अर्थ सरळ आहे, आणि ‘परा-अपरा’ विद्येशी त्याचा घोटाळा विज्ञानाच्या पुस्तकात होण्याचा संभव कमी.

आता ‘अपरास्तनी’ का खटकतो ते पाहू. हेतू ‘अपरा असलेले स्तनी’ असा आहे, पण संधी सोडवणारा वाचक तो ‘अपर’ अधिक ‘अस्तनी’ असाही फोडू शकतो, आणि मग अर्थ होतो ‘दुसरे, स्तन नसलेले’, म्हणजे हव्या त्या अर्थाच्या बरोबर उलट. शिवाय मराठीत ‘अस्तनी’ म्हणजे बाही. अस्तनीतला निखारा सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या कानाने योग्य ठिकाणी बोट ठेवले. त्यापेक्षा ‘अपरायुक्त सस्तन’ असे सुटे, दोन शब्दांत लिहावे. त्याच्या बाजूला कांगारूसारख्यांसाठी ‘शिशुधान सस्तन’ आणि प्लॅटिपससारख्यांसाठी ‘अंडज सस्तन’ हे शब्द नीट शोभतात. काटेकोर वाचक म्हणेल की कांगारूच्या गर्भालाही थोडा काळ का होईना, एक साधी वार असते. ते खरे आहे. मूळ संज्ञाच तेवढी सैल आहे. तांबड्या कांगारूचे पिल्लू सुमारे ३३ दिवसांत जेमतेम ग्रॅमभर वजनाचे जन्मते आणि पुढची वाढ पिशवीत स्तनाला चिकटून पुरी करते, तर हत्तिणीचे पिल्लू जवळपास २२ महिने वारेवर पोसले जाऊन शंभरेक किलोचे बाहेर येते. नावातला ‘अपरायुक्त’ या फरकाकडे निर्देश करतो, असे समजावे.

तुमच्या पुस्तिकेत वन्य आणि पाळीव अशी विभागणी असेल तर आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. या विभागणीचा नात्याशी संबंध नाही. आज ज्ञात असलेल्या साडेसहा हजारांच्या आसपास सस्तन जातींपैकी बहुसंख्य अपरायुक्त आहेत. त्यांत एकट्या कुरतडणाऱ्यांचा, म्हणजे उंदीर-खारी-साळिंदरांचा, वाटा जवळपास ४० टक्के आणि वटवाघळांचा सुमारे २० टक्के. माणसाने खऱ्या अर्थाने माणसाळवलेल्या जाती बोटांवर मोजण्याजोग्या, आणि गोठ्यातली सगळी जनावरे याच गटातली. अनेक वन्य प्राण्यांना मराठीने ओळखीच्या प्राण्यांची नावे उसनी दिली: पाणघोडा, नीलगाय, खवले मांजर, समुद्रगाय, देवमासा. यांतले ‘घोडा’ किंवा ‘मांजर’ नाते सांगत नाही, दिसणे सांगते. पाणघोड्याचे जवळचे आप्त देवमासे, समुद्रगाईचे हत्ती. तरस कुत्र्यासारखे दिसले तरी मांजरकुळाच्या अधिक जवळचे. भाषांतरात ही नावे ‘सुधारू’ नका, फक्त त्यांवरून नाते जुळवू नका.

पाळीव जनावरांकडे आले की भाषा उसनवारी थांबवते. गाईचे वासरू, त्यातली मादी कालवड, नर गोऱ्हा, मोठा होऊ लागला की खोंड. म्हशीचे रेडकू किंवा पारडू, वाढलेली मादी वगार, नर टोणगा. शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. पुढे गाभण, पहिलारू, दुभती, भाकड. दूध उतरणे म्हणजे पान्हा, पहिले दूध म्हणजे चीक, आणि त्याच सुमारास पडतो तो जार. तुमच्या पुस्तिकेत ‘पिल्लू’ आणि ‘मादी’ या दोनच शब्दांवर सगळे निभावले असेल, तर पाळीव जनावरांच्या प्रकरणापुरते तरी ते बदलून घ्या.