संगणक-सल्ला : लहान डेस्कटॉप घ्यायचा का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या गावात माझे आपले सरकार सेवा केंद्र आहे. जुना टॉवर (उभ्या मोठ्या पेटीचा संगणक) आता फारच मंद झाला. यवतमाळच्या दुकानात वीतभर आकाराचे दोन डेस्कटॉप दाखवले. एक कंपनीतून निघालेला जुना, आय5 प्रोसेसर आणि 8 जीबी रॅमचा. दुसरा नवा, एन100 प्रोसेसरचा. दिवसातून दोन-तीनदा लाइन जाते. 150 एएचची एक बॅटरी आहे. असा लहान डेस्कटॉप चालेल का, की पुन्हा टॉवरच घेऊ?

उत्तर : तुमच्या कामाला लहानच घ्या. जागा वाचते हा भाग सोडून द्या, खरा फायदा बॅटरीवर दिसतो. तुमच्या खोलीचाच हिशेब करू. पंखा 75 वॉट, एलईडी ट्यूब 20, मॉनिटर 20, राउटर 10, म्हणजे 125. त्यात जुना टॉवर साधारण 70 वॉट घालतो. फॉर्म भरणे, पीडीएफ, ब्राउझर एवढ्या कामाला लहान डेस्कटॉप 15च्या आसपास घेतो. 12 व्होल्ट, 150 एएच म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा केले की हातात 700 उरतात. टॉवरवर साडेतीन तास, लहानावर पाच तास. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, बसवला (30 वॉट) तर सात तासांच्या वर. लाभार्थ्यांची रांग दारात असताना हा फरक फार मोठा आहे.

दुसरे, व्होल्टेज. या डेस्कटॉपला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो आणि त्यावर बहुधा 100 ते 240 व्होल्ट छापलेले असते. रब्बीत मोटारी सुरू झाल्या आणि गावात 160 व्होल्ट उरले तरी तो चालतो, साधा टॉवर अशा वेळी रीस्टार्ट होतो. मात्र इन्व्हर्टरचे बटन 'यूपीएस' मोडवर असेल तर तो साधारण 180च्या खाली लाइन असूनही बॅटरीवर जातो. बॅटरी चार्ज तर होत नाहीच, उलट उतरत राहते. व्होल्टेज कमी राहणाऱ्या दिवसांत बटन साध्या मोडवर ठेवा. या मोडवर लाइन जाताना डेस्कटॉप बंद पडतो का, ते एकदा तपासून घ्या.

लेझर प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाइनवर कधीही लावू नका. तापताना तो क्षणात 500 वॉटच्या वर ओढतो, इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो.

आता दोघांपैकी कोणता? 'आय5 आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका. पुढचा आकडा बघा. आय5-6500टी म्हणजे सहावी पिढी, आय5-8500टी म्हणजे आठवी. विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला, आणि इंटेलमध्ये विंडोज 11साठी आठवी किंवा पुढची पिढी लागते. सहाव्या-सातव्या पिढीवर काही दुकानदार आडमार्गाने 11 टाकून देतात. पुढचे मोठे अपडेट येईल तेव्हा अडचण तुमची. आधारचा अंगठा रोजचा असेल तर ही जोखीम घेऊ नका. आठवी पिढी असेल तर कामाच्या वेगात तो एन100च्या पुढे आहे: सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) विरुद्ध चार. एन100 वीज सर्वांत कमी खातो, तो मूळचाच 6 वॉटचा प्रोसेसर. पण रॅमचा स्लॉट बहुधा एकच, आणि अनोळखी कंपनीचा असेल तर दुरुस्तीला कोणाकडे न्यायचे हा प्रश्न उरतो. जुना घ्यायचा तर दुकानातच एवढे करा:

सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन दाखवायला सांगा. लेनोवोला एफ1 बटन, डेलला एफ2, एचपीला एफ10. पासवर्ड मागितला तर यंत्र परत ठेवा. मोठ्या कंपनीने लावलेला तो पासवर्ड तालुक्याला निघत नाही.

अडॅप्टर त्याच कंपनीचा आणि पुऱ्या वॉटचा आहे का, ते वाचा. डेलला परका अडॅप्टर लावला तर तो ओळखत नाही, पडद्यावर तशी सूचना देतो आणि प्रोसेसरचा वेग पाडतो. लोक म्हणतात संगणक बिघडला, बिघाड असतो तो अडॅप्टरच्या पिनेत. सोबत दुसरा अडॅप्टर विकत घेऊनच या. टॉवरचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) दारव्ह्याला त्याच दिवशी मिळेल, हा मिळणार नाही. लहान डेस्कटॉपची खरी कमजोर बाजू हीच.

मागची बाजू बघा. ऑफिसातून निघालेल्या पुष्कळ मिनीत (लहान डेस्कटॉपमध्ये) मॉनिटरसाठी डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय नसतो. तुमचा जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल तर कन्व्हर्टर त्याच बिलात घ्या. यूएसबी मोजा: कीबोर्ड, माउस, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम, पाच इथेच झाले. कमी पडले तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. अंगठ्याचे यंत्र मात्र थेट संगणकातच लावा, साध्या हबवर ते मधूनच तुटते.

तारीख मागे गेलेली दिसली तर आतला घड्याळाचा बटनासारखा सेल (सीआर2032) बदलून मागा. घड्याळ चुकले की सरकारी पोर्टल 'सुरक्षित नाही' म्हणून उघडतच नाहीत, आणि माणूस नेटला दोष देत बसतो.

रॅम 8 जीबीवर चालेल, 16 असेल तर उत्तम. लॅपटॉपचीच रॅम लागते.

प्रश्न : अकोट तालुका. घरीच कृषी केंद्राचे बिलिंग करतो. लहान डेस्कटॉप हिवाळाभर छान चालला. एप्रिलपासून दुपारी पंखा जोरात ओरडतो आणि दोन-अडीचला यंत्र आपोआप बंद. मागच्या खोलीत कापूस साठवलेला होता. कुलर समोरच आहे. गरम होऊ नये म्हणून यंत्र कुलरच्या झोतातच ठेवले आहे.

उत्तर : आधी त्या झोतातून काढा. कापसाचे तंतू हवेत असतातच. कोरडे असताना ते पंख्यातून थोडेफार पुढे जातात. कुलरच्या दमट हवेत पात्यांमागच्या ॲल्युमिनियमच्या जाळीवर चिकटतात आणि घोंगडीसारखा घट्ट थर बसतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, थर असतो पंख्याच्या मागे. बाहेर 45 अंश असताना या चिमुकल्या पंख्याला गरम हवाच मिळते. तीही जाळीतून जाईना, म्हणून प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होतो.

बंद करा, अडॅप्टर काढा, पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा. बहुतेक मिनीत मागे एकच स्क्रू असतो, झाकण सरकून निघते. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढा, वायर ओढू नका. थर चिमट्याने सोलून काढा, मग मऊ ब्रश, मग हाताचा ब्लोअर, आतून बाहेरच्या दिशेने. पंख्याचे पाते काडीने अडवून धरा, हवेने गरगर फिरले तर बेअरिंग जाते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको. त्या हवेत पाणी आणि तेल असते.

यंत्र तीन-चार वर्षांचे असेल तर थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंकमध्ये नेणारा लेप) वाळलेली असणार. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तुरीच्या दाण्याएवढी नवी मध्ये ठेवा, हीटसिंकचे स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळले तर पेस्ट एकीकडे सरकते.

कापूस घरात आहे तोवर महिन्यातून एकदा हे उघडा. यंत्र मॉनिटरच्या मागे, छिद्रांमध्ये 75 किंवा 100 मिमी अंतर असलेल्या पट्टीवर बसवले तर जमिनीवरची धूळ कमी येते. इन्व्हर्टरच्या डोक्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नका.

प्रश्न : डेस्कटॉपच्या पेटीला हात लावला की मुंग्या येतात. धोका आहे का? (आर्वी)

उत्तर : अडॅप्टर दोन पिनांचा असेल तर हलकी चुणचुण येते, ती विजेची गळती फार थोडी असते. पण तीन पिना असूनही येत असेल तर घराची अर्थिंग गेली आहे. मल्टिमीटरने अर्थ आणि न्यूट्रलमध्ये बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरमनला बोलवा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सळईपासून सुटते. फेब्रुवारीपासून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. मे-जूनमध्ये वीज कडाडू लागली की नुसता प्लग काढून भागत नाही, राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा. यंत्र पुष्कळदा त्याच वाटेने जळते.

प्रश्न : मुलगा बारावीनंतर अमरावतीला होस्टेलवर जाणार. स्वस्त पडतो म्हणून त्याला लहान डेस्कटॉप द्यावा का? (चांदूर रेल्वे)

उत्तर : नाही, लॅपटॉप द्या. मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरले की स्वस्तपणा बराचसा संपतो, आणि दर सुट्टीला एसटीतून मॉनिटर नेता-आणता येणार नाही. घरी धाकटी बहीण शिकत असेल आणि जुना मॉनिटर पडून असेल, तर तिच्यासाठी मात्र लहान डेस्कटॉप चांगला.