गुणसूत्रं मोजायचं काम करायचंय? आधी काय मोजायचं ते ठरव

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पेशीविभाजनाचं प्रकरण मनापासून आवडतं, पण एन (युग्मकातली, म्हणजे अंडपेशी किंवा शुक्राणूतली गुणसूत्रसंख्या) आणि टू-एनमध्ये (शरीराच्या इतर पेशींतली संख्या) दर वेळी गुण जातात, ते का? आणि डॉक्टर न होता गुणसूत्रांवर काम करता येतं का?

येतं. त्या क्षेत्राला सायटोजेनेटिक्स म्हणतात. पण पहिला प्रश्न परीक्षेपुरता समजू नकोस, तिथे रोज हेच मोजायचं असतं.

मोजायचे ते गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राच्या काड्या जिथे जोडलेल्या असतात त्या जागा; काड्या नव्हेत. माणसाच्या कायिक, म्हणजे शरीराच्या साध्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या. विभाजनाआधी डीएनए दुप्पट होतो, प्रत्येक गुणसूत्राच्या दोन सारख्या काड्या, म्हणजे क्रोमॅटिड होतात, पण बिंदू एकच असतो. म्हणून आकडा ४६च. मुलं इथेच ९२ लिहून मोकळी होतात. युग्मकं बनवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात जोड्या फुटतात आणि ४६चे २३ तिथेच होतात. दुसऱ्या टप्प्यात क्रोमॅटिड सुटे होतात, आकडा बदलत नाही.

दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन तीन जोड्यांची पेशी काढ आणि मुद्दाम चूक कर. पहिल्या टप्प्यात एक जोडी न फोडता एकाच बाजूला ढकललीस, तर शेवटच्या चार पेशींत ४, ४, २, २ येतील. तीच चूक दुसऱ्या टप्प्यात एकाच पेशीत झाली, तर ४, २, ३, ३. माणसात अशीच २४ गुणसूत्रांची अंडपेशी २३च्या शुक्राणूशी जुळली की ४७ होतात. जादाचं गुणसूत्र २१वं असेल तर डाऊन सिंड्रोम.

आणि ‘एन म्हणजे एक संच’ असं घोकू नकोस. आपल्या नेहमीच्या गव्हाच्या कायिक पेशीत ४२ गुणसूत्रं असतात, सातांचे सहा संच. त्याच्या युग्मकात २१, म्हणजे एन असूनही संच तीन! अशा कोड्यांत मजा वाटत असेल तर वनस्पती पैदास हाही रस्ता बघ.

आता प्रयोगशाळा. रक्त गोठू नये म्हणून ते हेपरिनच्या नळीत घेतात. परिपक्व लाल पेशींना केंद्रकच नसतं, म्हणून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ३७ अंश सेल्सिअसला साधारण ७२ तास वाढवतात. कोल्सेमिड या रसायनाने विभाजन मध्यावस्थेत थांबवायचं, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पेशी फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल नि एक भाग असेटिक आम्लात स्थिर करून काचपट्टीवर थेंब टाकायचा, मग ट्रिप्सिन हे विकर आणि गिम्सा हा रंग वापरून गुणसूत्रांवर पट्टे उमटवायचे. कोल्सेमिड जास्त वेळ राहिलं तर गुणसूत्रं आखूड, जाडी होतात. पट्टे वाचता येत नाहीत. पेशी कमी फुगल्या तर गुणसूत्रं एकमेकांवर चढतात, जास्त फुगल्या तर पेशी फुटून एखादं निसटतं. मग दिसतात ४५. हा आजार की हाताची चूक? म्हणून सहसा २० पेशी बघतात. दर वेळी वेगळंच गुणसूत्र गायब असेल तर संशय काचपट्टीवर घ्यायचा. दर वेळी एकच ठरावीक गुणसूत्र गायब असेल तर रुग्णाच्या अहवालाचा विचार सुरू होतो.

जीवशास्त्र, जनुकशास्त्र किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातली पदवी आणि पुढे मानवी जनुकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, हा सरळ मार्ग. प्रवेश घेण्याआधी एकच चौकशी कर: विद्यार्थी स्वतःच्या हाताने पेशींचं संवर्धन लावून काचपट्ट्या करतात, की तयार छायाचित्रांवर भागवतात? दुसरं उत्तर आलं तर दुसरा अभ्यासक्रम शोध.