होनोलुलूत इंग्रजी शिकायचं तर

प्रश्न: मी २७ वर्षांचा समलिंगी तरुण आहे. एखाद्या उष्ण बेटावर, लपून न राहता सहा महिने इंग्रजी शिकायचं आहे. हवाई कसं? जोडीदारही यायचं म्हणतोय. – एक वाचक, पुणे

उत्तर: निवड चांगली आहे. हवाईत समलिंगी विवाह डिसेंबर २०१३ पासून कायदेशीर आहे आणि घर भाड्याने देताना लैंगिक कलावरून भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे. होनोलुलूतल्या वायकिकीच्या किनाऱ्यावर चार मोठ्या शिळा आहेत, ताहितीहून आलेल्या चार ‘माहू’ वैद्यांच्या स्मरणार्थ. माहू म्हणजे स्त्री आणि पुरुष दोन्ही भाव अंगी असलेली माणसं. जरूर बघा.

पूर्णवेळ कोर्सला पर्यटक व्हिसा चालत नाही, एफ-१ म्हणजे अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा लागतो. आधी आय-२० (व्हिसासाठी लागणारं, संस्थेने दिलेलं प्रवेशपत्र) देण्याची परवानगी असलेल्या संस्थेत प्रवेश घ्या. आय-२० हाती आला की ३५० डॉलर सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) भरा, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा आणि व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घ्या. आठवड्याला किमान १८ तास वर्ग हवेत. बऱ्याच अर्जांचं घोडं अडतं ते तुम्ही परत याल हे अधिकाऱ्याला न पटल्याने. इथली नोकरी, आणि तिच्यात हे इंग्रजी नेमकं कुठे लागेल, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. आय-२० वरच्या खर्चाइतके पैसेही दाखवावे लागतात.

जोडीदाराचं अवघड आहे. एफ-१ वाल्याच्या सोबत्याचा एफ-२ व्हिसा जोडीदारांपैकी फक्त विवाहित जोडीदाराला मिळतो आणि भारतात तुमच्या विवाहाला मान्यता नाही. जिथे तो कायदेशीर आहे अशा देशात लग्न झालं असेल तर तिथलं प्रमाणपत्र चालतं. नाहीतर त्यानेही स्वतःचा एफ-१ काढावा.