आजीला गप्प का केलंस?

प्रिय चिनू,

रविवारी फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, आजी नीट सांगत होती, तू तिला गप्प का केलंस?" मी "तसं बोलू नये गं" म्हणून कुकर लावायला उठलो. लागलं मला ते.

आजी एवढंच म्हणत होती की शेवटी नळ्या लावू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये असं आधी लिहून ठेवायला मान्यता दिली, २०२३ मध्ये अटीही सोप्या केल्या. दोन साक्षीदार आणि नोटरी असले की झालं. शेजारचे काका साक्षीदार म्हणून तयारच आहेत म्हणे. आणि मी काय म्हणालो? "आई, शुभ बोल काहीतरी."

आमच्या घरातले शब्दच तसे. निघताना "जातो" म्हटलं की आई दारापर्यंत यायची, "येतो म्हण." बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझत नाही, शांत होतो. तू बिनदिक्कत "मेले" म्हणतेस तेव्हा मी अजूनही दचकतो. म्हणू नकोस असं नाही हं.

वाईच्या पणजीला मात्र यातलं काही नव्हतं. तिच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, तोंड डाख देऊन पक्कं बंद केलेला. आम्ही तो कानाशी हलवून पाणी आटलं का बघायचो. "हळू रे, माझ्या शेवटच्या घोटाचं आहे ते," म्हणायची आणि गवार मोडत बसायची.

ती गेली तेव्हा मी नववीत होतो. ऐनवेळी गडूचं झाकण निघेना. अण्णा पक्कड घेऊन झटतायत, कुणी उलथनं आणतंय, इकडे पणजीला घरघर लागलेली. शेवटी तुझ्या आजीने माठातलं पाणी चमच्याने तिच्या ओठांत सोडलं. म्हणाली, "आजी, गंगा आहे."

धडधडीत खोटं. पण त्या खोलीत तेवढी एकटीच घाबरली नव्हती. आणि तिलाच मी शुभ बोल म्हणालो.

गडू अजून तिच्याकडेच आहे. बंदच.

शनिवारी पुन्हा फोन लावतो. वेळ असेल तर शेजारी बस, नसेल तर राहू दे. मी मध्ये बोलायला लागलो की टेबलाखालून पाय मार.

बाबा