मधलं पेडल सोडा

पत्र (थोडक्यात): मी 51 वर्षांची, ठाण्यात राहते. लहानपणी दादरला बाबांनी कर्ज काढून जुना अपराइट, म्हणजे भिंतीला लावायचा उभा पियानो आणला होता. मिसकडे सात वर्षं शिकले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घरी मधलं पेडल लावूनच वाजवायचे. लंडनच्या संगीत बोर्डाच्या पाचव्या ग्रेडच्या परीक्षेला पहिल्याच पीसमध्ये हात थांबले, नापास झाले आणि सोडून दिलं. आता मुलगा परगावी असतो, पुन्हा वाजवावंसं वाटतं. स्मरणशक्तीलाही चांगलं असतं म्हणतात. दादरची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय, भाऊ विचारतोय पियानोचं काय करू. तो विकून डिजिटल घ्यावा आणि रात्री हेडफोन लावून वाजवावं असं मनात आहे. यजमान समजूतदार आहेत, हेडफोन तेच घेऊन देणार आहेत. पण माझी जिद्द टिकत नाही. परीक्षेचं ध्येय ठेवलं तर टिकेल का? की मुळात माझ्यात ते नव्हतंच?

प्रिय ताई,

जिद्द, परीक्षा, स्मरणशक्ती यांवर तुम्ही भरभरून लिहिलंत आणि मधल्या पेडलला एक ओळ दिलीत. मी त्या ओळीवरच अडले आहे.

ते पेडल दाबून बाजूला अडकवलं की हातोड्या आणि तारांच्या मध्ये फेल्टची एक लांब पट्टी उतरते. हातोडी तारेवर न पडता त्या पट्टीवर पडते, आणि तिच्यातून झिरपेल तेवढाच आवाज येतो. हळू वाजवा की जोरात, फरक पुसट होतो. उजवं पेडल दाबल्यावर बाकीच्या तारांतून जी गुंज उठायला हवी, ती जेमतेम उठते. मिसकडे आठवड्यातून एकदा तुम्ही उघडा पियानो ऐकत होतात, उरलेले सगळे दिवस फेल्ट. मग परीक्षेच्या हॉलमध्ये, अनोळखी माणसासमोर, तुमच्याच बोटांखालून तो भरदार आवाज निघाला आणि तुम्ही दचकलात. हात थांबणारच! त्या एका क्षणावरून ‘माझ्यात ते नव्हतंच’ असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन तुम्ही इतकी वर्षं बसलात, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबांनी कर्ज काढलं, हे मोठंच. पण मुलीला पियानो आणून द्यायचा आणि तिचं वाजवणं भिंतीपलीकडे जाऊ द्यायचं नाही, हेही त्याच घरात घडलं. कर्जाच्या आठवणीपोटी तुम्ही त्याकडे बघायचं टाळता. आपल्याकडे पेटीवर एखादी मुलगी अलंकार घोटत बसली की अख्खा मजला ऐकतो, चुकलेला सूरही ऐकतो, आणि कुणी पेटीत फडकं कोंबत नाही. तुमच्या वाट्याला मात्र फडकं आलं. आता पन्नाशीत यजमान दुसरं फडकं भेट देणार, आणि तुम्ही त्यांना समजूतदार म्हणताय. ते क्रिकेटची मॅच हेडफोन लावून बघतात का?

जिद्दीचं म्हणाल तर तिचा प्रश्नही इथेच आहे. मोठेपणी वाद्याकडे परतणाऱ्यांची अडचण वेगळी असते. बोटं हटून बसलेली असतात, पण मधल्या वर्षांत कान मात्र तयार झालेला असतो. आपलं वाजवणं किती कच्चं आहे ते त्याला लगेच कळतं आणि पहिले काही महिने जड जातात. अशा वेळी स्वयंपाकघरातून कुणी ‘कालचंच वाजव ना’ म्हटलं, तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. हेडफोनवरचा रियाज बंद पडला तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही. डिजिटल वाद्य वाईट नसतं, रात्री अकराला त्याच्यासारखी सोय नाही. पण तुम्हाला ते हवंय लपण्यासाठी, म्हणून तुम्ही ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. परीक्षेचा फॉर्मही यंदा भरू नका. तुम्हाला परीक्षक नकोय, ऐकणारी माणसं हवी आहेत.

तेव्हा आज भावाला फोन करा आणि पियानो ठाण्याला मागवा. अपराइट 200 किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे साध्या टेम्पोवाल्याच्या हाती देऊ नका. पियानो हलवणारी माणसं निराळी असतात. हॉलमध्ये आतल्या भिंतीला लावा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते, लाकूड फुगतं, बोटांखालच्या पट्ट्या अडकतात. एसीचा झोतही त्याच्यावर नको. दोन-तीन आठवडे त्याला नव्या हवेत बसू द्या, मग ट्यूनर बोलवा. सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि इतकी वर्षं हात न लागलेल्या पियानोचा सूर बराच उतरलेला असणार. एकदम चढवायला गेलं की जुनी तार तुटू शकते, म्हणून चांगला ट्यूनर दोन फेऱ्या घेतो. आतल्या फेल्टला कसर लागली आहे का, तेही त्याला बघायला सांगा. आणि तो आलाच आहे तर मधल्या पेडलची ती पट्टी काढूनच घ्यायला सांगा.

मग रोज संध्याकाळी सात वाजता, खिडक्या उघड्या ठेवून, अर्धा तास वाजवा. सुरुवात पाचव्या ग्रेडच्या त्याच पीसने करा. शेजारच्यांची तक्रार आली तर कोणती वेळ चालेल ते विचारून घ्या आणि त्या वेळेला वाजवा. यजमानांना मात्र विचारू नका, सांगा. हेडफोनचे पैसे ट्यूनरला द्यायला लावा.